ठराव होण्याआधी बोला : नगरपरिषदेच्या निर्णयांत तुमचे म्हणणे कसे नोंदवाल?

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या गावांतून वाचकांची एक तक्रार वारंवार येते : ‘पूर्वी ग्रामसभेत उठून विचारता यायचं. आता सगळं सभागृहात ठरतं आणि आम्हाला कळतं ते रस्ता खणल्यावर, नाहीतर घरपट्टीचं बिल दारात आल्यावर.’ जुन्या नगरपरिषदांच्या शहरांतले वाचकही याहून फार वेगळे लिहीत नाहीत.

या गोंधळाचे मूळ कायद्यात आहे. ग्रामसभा ही ग्रामपंचायतीच्या कायद्यातली सोय आहे. नगरपंचायत झाली की ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ लागू होतो आणि ग्रामसभा संपते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या आणल्या, पण त्या बंधनकारक आहेत तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. वीस-पंचवीस हजारांच्या गावाला दोन्हींपैकी काहीच मिळत नाही.

म्हणून लहान शहरात तुमचे मत मोजले जाते ते कागदावर, मुदतीत आणि ठराव होण्याआधी पोहोचले तरच. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. कित्येक ठिकाणी प्रशासकाचा दीर्घ काळ संपून सभागृहे पुन्हा भरली. नगरसेवकांपैकी अनेक जण नवे आहेत. नागरिकांनी नीट सवय लावून घ्यायची तर हीच वेळ आहे.

आधी पाहा : निर्णय कोणाच्या हातात आहे?

चुकीच्या दारात अर्ज दिला की महिना वाया जातो. म्हणून तुमचा विषय यांपैकी कुठे बसतो ते आधी ठरवा.

- सर्वसाधारण सभा : अंदाजपत्रक, कराचे आणि पाणीपट्टीचे दर, मोठ्या कामांना मंजुरी, नगरपरिषदेच्या जागा आणि गाळे भाड्याने देणे. नगरसेवक मत देतात ते इथे.
- स्थायी आणि विषय समित्या : पाणीपुरवठा, बांधकाम, स्वच्छता व आरोग्य, महिला व बालकल्याण वगैरे. विषयाची खरी चर्चा बऱ्याचदा इथेच होते.
- नगराध्यक्ष : सभेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे असते. तातडीच्या प्रसंगी कलम ५८(२) खाली ते सभेच्या मंजुरीआधीच एखाद्या कामाचा आदेश देऊ शकतात. मात्र तो विषय नंतर सभेपुढे ठेवावाच लागतो.
- मुख्याधिकारी : अंमलबजावणी, बांधकाम परवानगी, अतिक्रमण, दाखले, रोजची साफसफाई. दिवा बंद आहे किंवा गटार तुंबले आहे, तर ठरावाची वाट पाहू नका. इथेच तक्रार द्या.
- जिल्हाधिकारी आणि नगरविकास विभाग : देखरेख, काही मंजुऱ्या, विकास योजनेची अंतिम मान्यता.

गावातून जाणारा राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो आणि वीज महावितरणची. त्याबद्दल नगरपरिषदेला जाब विचारून उत्तर मिळणार नाही. ‘संबंधित विभागाला पत्र द्यावे’ एवढी मागणी मात्र जरूर करता येते.

विषयपत्रिका मिळवा आणि नीट वाचा

सर्वसाधारण सभेची नोटीस नगरसेवकांना पूर्ण सात दिवस आधी द्यावी लागते आणि विशेष सभेची तीन दिवस आधी. तीच नोटीस नगरपरिषदेच्या सूचना फलकावर लागते. फलकाचा फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे काम एकाने जरी अंगावर घेतले, तरी अर्धी लढाई झाली. फलक रिकामा असेल तर तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकांकडे प्रत मागा. नगरपरिषदेत साधारणपणे एका प्रभागातून दोन नगरसेवक निवडून येतात. दोघांनाही विचारा.

विषयपत्रिकेची भाषा कोरडी असते, पण एकेका शब्दावर बरेच अवलंबून असते. नमुन्यादाखल हा विषय पाहा :

*विषय क्र. ९ : प्रभाग क्र. ४ मधील बाजारपेठ ते स्मशानभूमी रस्त्याचे काँक्रिटीकरण करणेकामी प्राप्त न्यूनतम निविदेस मंजुरी देणेबाबत.*

इथे ‘प्राप्त न्यूनतम निविदेस’ हे शब्द महत्त्वाचे. रस्ता करायचा हे आधीच ठरले आहे, अंदाजपत्रक झाले आहे, निविदा उघडल्या आहेत. आता उरला आहे फक्त ठेकेदार आणि दर. ‘आधी गटार करा, मग रस्ता करा’ ही मागणी बरोबर असली तरी उशिराची आहे. विषयाच्या शेवटच्या शब्दांवरून टप्पा ओळखा :

1. ‘प्रशासकीय मान्यता देणेबाबत’ : काम करायचे की नाही हे आता ठरते आहे. बोलायची खरी वेळ हीच.
2. ‘निविदा मागविणेबाबत’ : कामाचे स्वरूप बहुतेक पक्के झाले आहे. काही राहून गेले असेल तर तातडीने लेखी कळवा.
3. ‘न्यूनतम निविदेस मंजुरी’ : दर, स्पर्धक निविदा किती आल्या, अंदाजपत्रकापेक्षा दर किती वर किंवा खाली, हे विचारा.
4. ‘मुदतवाढ’ किंवा ‘वाढीव खर्चास मान्यता’ : उशीर का झाला, दंड आकारला का, हे विचारा.
5. ‘कार्योत्तर मंजुरी’ : काम आधीच झाले आहे. ते कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या निकडीने झाले, याची माहिती मागा.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी एक ओळ पत्रिकेच्या शेवटी असते. मोठ्या खर्चाचे किंवा जागेचे विषय या ओळीखाली येऊ नयेत, अशी लेखी विनंती आधीच करून ठेवा.

सभा नागरिकांना खुली असते. काही चर्चा बंद दाराआड ठेवण्याची मुभा अध्यक्षांना आहे, पण तो अपवाद. प्रेक्षक म्हणून बसता येते, बोलता येत नाही. तरीही दहा-बारा नागरिक वही घेऊन बसले असले की सभागृहात नगरसेवक तयारी करून येतात.

म्हणणे लेखी द्या, तेही एका पानात

निवेदनात एवढ्याच गोष्टी असू द्या :

- कोणाला : मुख्याधिकारी. प्रत नगराध्यक्ष आणि प्रभागातले नगरसेवक यांना.
- कशाबद्दल : सभेची तारीख आणि विषय क्रमांक.
- तुमचा संबंध : मिळकत क्रमांक किंवा राहण्याचे ठिकाण.
- मागणी : एकच, आणि करता येण्यासारखी.
- कारण : दोन किंवा तीन, शक्यतो फोटो किंवा मोजमापासह.

मजकूर असा साधा असावा : *‘दि. … रोजीच्या सभेतील विषय क्र. ९ मधील रस्त्याच्या पूर्व बाजूस ११ घरांचे सांडपाणी रस्त्यावर येते. अंदाजपत्रकात बंदिस्त गटाराचा समावेश नाही. त्याचा समावेश करूनच कामास मान्यता द्यावी आणि हे निवेदन सभेपुढे ठेवून त्याची इतिवृत्तात नोंद घ्यावी, ही विनंती.’*

शेवटचे वाक्य विसरू नका. इतिवृत्तात नोंद झाली तरच पुढे ते निवेदन पुरावा म्हणून उपयोगी पडते. अर्ज आवक-जावक टेबलावर द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ‘साहेबांना तोंडी सांगितलंय’ याला कार्यालयात किंमत नाही.

कोणत्या निर्णयावर काय करावे?

१. घरपट्टीची फेरआकारणी

दर चार वर्षांनी मिळकतींची नवी आकारणी होते. यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी किमान तीस दिवस मिळतात. यादीत हे तपासा :

- क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजमापाशी जुळते का?
- बांधकामाचा प्रकार बरोबर आहे का? पत्र्याचे घर आरसीसी म्हणून लागलेले नाही ना?
- वापर निवासी आहे की वाणिज्य? घरातली एक खोली दुकानासाठी वापरत असाल, तर सगळे घर वाणिज्य धरलेले नाही ना?
- स्वतः राहता की भाडेकरू आहे?

‘कर फार वाढला’ एवढीच हरकत टिकत नाही. ‘क्षेत्रफळ ६२० ऐवजी ८१० चौरस फूट लागले आहे’ ही टिकते. मुदतीत हरकत घेतली नसेल तर पुढे अपिलातही अडचण येते. बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्य शासनाचा असतो. तो माफ करणे नगरपरिषदेच्या हातात नाही.

२. विकास योजना आणि आरक्षणे

लहान शहरात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा निर्णय हाच. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार हरकती-सूचनांसाठी तीस दिवस असतात. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते.

- नकाशावर आपला गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक शोधा. शेजारचेही पाहा. रस्ता शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणार असला तरी त्याचे वळण तुमच्या अंगणात येऊ शकते.
- हरकतीला सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि नकाशाच्या त्या भागाची प्रत जोडा.
- सुनावणीला स्वतः जा. गैरहजर राहिलात तर फक्त कागद बोलतो.
- मैदान, शाळा, दवाखाना यांची आरक्षणे उठवण्याचे प्रस्तावही याच कायद्याने येतात. जमीन तुमची नसली तरी हरकत घेण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

तुमच्याच जमिनीवर आरक्षण असेल आणि अंतिम योजना लागू होऊन दहा वर्षांत संपादन झाले नसेल, तर कलम १२७ खाली नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही नोटीस वकिलांकडूनच तयार करून घ्या. नमुन्यातली चूक महागात पडते.

३. पाण्याचे मीटर

मीटर म्हटले की विरोध ठरलेला. पण निर्णय आकड्यांवर घ्या. कराडजवळच्या मलकापूर नगरपंचायतीने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, तेव्हा दर टप्प्याटप्प्याने वाढणारे ठेवले. काटकसरीने वापरणाऱ्याला कमी दर, उधळणाऱ्याला जास्त. तुमच्याकडे प्रस्ताव आला तर हे विचारा :

- पहिल्या टप्प्यात किती लिटर, आणि दर काय?
- मीटरचा खर्च कोणाचा? बिघडला तर बदलून कोण देणार?
- गळती किती आहे आणि ती मीटरआधी थांबवणार का?
- सार्वजनिक नळांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांसाठी काय सोय?

उत्तरे लेखी मिळाल्यावरच बाजू घ्या.

४. अंदाजपत्रक

नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. म्हणजे पुढच्या वर्षीचे काम सुचवायचे तर दिवाळीनंतर लगेच लेखी द्या. मार्चमध्ये सुचवलेल्या कामाला वर्षभर वाट पाहावी लागते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, सगळा पैसा मोकळा नसतो. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला असतो. त्यातून कमान बांधा असे सुचवून उपयोग नाही. दुसरी, नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी त्यातले किती आणि कशावर खर्च झाले, हा प्रश्न प्रत्येक गावाने विचारायलाच हवा.

५. बाजार, फेरीवाले, झाडे, कचरा

- फेरीवाले : २०१४ च्या कायद्यानुसार शहर फेरीविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे प्रतिनिधी हवेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. स्थलांतर करायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. आठवडे बाजार हलवण्याचा ठराव आला तर विक्रेते आणि ग्राहक दोघांनीही हे मांडावे.
- झाडे : तोडायच्या झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते. हरकतीसाठी साधारण आठवडाच मिळतो, म्हणून नोटीस दिसली की त्याच दिवशी लिहा.
- कचरा डेपो : फक्त ‘आमच्याकडे नको’ म्हणू नका, पर्याय मागा. वेंगुर्ला नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगवेगळा करून घेतला आणि डम्पिंग ग्राउंडच्या जागी लोक पाहायला येतील असे स्थळ उभे केले. आपल्या नगरसेवकांना तिथे भेट द्यायला सांगा.

काम सुरू झाल्यावर काय पाहाल?

- कामाच्या जागी फलक आहे का : कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत.
- कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती मागा. मोजमाप पुस्तिकेत जाडी १५ सेंटिमीटर लिहिली असेल आणि रस्त्याच्या कडेला १० दिसत असेल, तर पट्टी लावून फोटो काढा.
- माहिती अधिकारात फक्त कागदच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे.
- दोषदायित्व कालावधी किती, ते लिहून ठेवा. त्या मुदतीत खड्डा पडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.

ठराव चुकीचा झाला, तर?

1. ठरावाची नक्कल मागा. इतिवृत्तात ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि विरोध नोंदवलेला असतो. ऐकीव माहितीवर लढू नका.
2. माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याचा आदेश शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला होता. तुमच्या नगरपरिषदेत ही सोय सुरू आहे का, ते विचारा.
3. जिल्हाधिकाऱ्यांकडे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली अर्ज द्या. ठराव बेकायदा असेल, लोकहिताविरुद्ध असेल, लोकांना इजा किंवा उपद्रव होणार असेल, किंवा शांतताभंगाची भीती असेल, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. अर्जात यांपैकी कोणते कारण लागू पडते ते स्पष्ट लिहा. ठरावाची नक्कल आणि तुमचे आधीचे शिक्क्याचे निवेदन जोडा. काम सुरू होण्याआधी गेलेला अर्ज जास्त उपयोगी पडतो.
4. लोकशाही दिनात जा. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. न्यायप्रविष्ट विषय तिथे घेत नाहीत.
5. न्यायालय शेवटी. नगरपरिषदेविरुद्ध दाव्याआधी नोटीस द्यावी लागते आणि मुदत छोटी असते. विचार करण्यात महिने घालवू नका.

या चुका टाळा

- दहा मागण्यांचे एक निवेदन देणे. त्यातली सगळ्यात सोपी मागणी मान्य होते आणि बाकीच्या नऊ विसरल्या जातात.
- शंभर सह्या, पण एकाचाही पत्ता किंवा मिळकत क्रमांक नाही. पूर्ण तपशिलाच्या वीस सह्या जास्त वजनदार.
- नगरसेवकावर वैयक्तिक आरोप करणे. मुद्दा बाजूला पडतो आणि भांडण उरते.
- फक्त विरोधी नगरसेवकाला भेटणे. मतदान सगळ्यांचे असते, म्हणून म्हणणेही सगळ्यांपर्यंत न्या.
- वाद चालू म्हणून घरपट्टी थकवणे. हरकत नोंदवा, पण रक्कम भरून पावतीवर ‘हरकतीस अधीन राहून’ असे लिहून घ्या. थकबाकीवर व्याज चढते आणि अपिलाची वाट अडते.

एकट्याने हे सगळे करायचे म्हटले तर दम लागतो. म्हणून प्रभागातल्या पाच-सहा जणांनी कामे वाटून घ्या : एकाने फलक पाहावा, एकाने कागद सांभाळावेत, एकाने नकाशा वाचायला शिकावे, एकाने सभेला बसावे. निवृत्त शिक्षक, बचत गटातल्या ताई, पदवीला शिकणारी मुले यांना यात सहज भाग घेता येतो आणि पैसा जवळपास लागत नाही.

नगरपरिषदेचा पैसा तुमच्या घरपट्टीतून आणि शासनाच्या निधीतून येतो. तो कुठे खर्च व्हावा हे सांगण्याचा हक्क मतदानाच्या दिवशी संपत नाही. पुढच्या सभेची विषयपत्रिका लागली की वाचा, आणि तुमच्या गल्लीशी संबंधित एका तरी विषयावर एका पानाचे निवेदन शिक्का घेऊन द्या.